भरताची वांगी आली का हो तुमच्याकडे?

तापीकाठ

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्याकडे एकच चौकशी सुरू होते, वांगी निघाली का? वांगी म्हणजे भरताची. बारा महिने मिळणारी जांभळी चकचकीत नव्हेत. फिकट हिरवी, अंगावर पांढरट रेघा, हातात घेतलं तर पंजा पुरत नाही आणि तरी आकाराच्या मानाने हलकी. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली. बामणोद आणि आसोदा या गावांच्या नावावर तर भाजीवाले डोळे झाकून माल खपवतात. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे, पण तेव्हापासून पुण्यात कुठलंही हिरवं वांगं ‘जळगावचं’ म्हणून गळ्यात मारतात.

धागा काढायचं कारण निराळं. परवा एका हॉटेलात ‘अस्सल खानदेशी भरीत’ मागवलं. आलं ते लालभडक. टोमॅटो, गरम मसाला, वरून बटरचा तुकडा. विचारलं तर म्हणे, ‘साहेब, कस्टमरला असंच लागतं.’ लागत असेल. त्याला पंजाबी भरता म्हणा, मी आवडीने खाईन. आमचं नाव लावू नका एवढंच.

तर आमच्याकडे कसं होतं ते लिहितो. वांगी भाजायची ती काड्यांवर. कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या. अंगणात नाहीतर शेतात काड्यांचा ढीग रचायचा, वांग्यांना तेलाचं बोट लावायचं, एक-दोन टोचे मारायचे म्हणजे फुटत नाहीत, आणि जाळात टाकायची. काड्यांचा जाळ झपकन उठतो आणि झपकन बसतो. साल पहिल्या पाच मिनिटांत काळी ठिक्कर पडते आणि उरलेलं वांगं खालच्या निखाऱ्यात, स्वतःच्याच पाण्यावर शिजतं. लांब काठीने फिरवत राहायचं. देठाशी रस चुरचुरायला लागला आणि वांगं सगळीकडून बसलं की झालं. मग पाटीखाली झाकून ठेवायची, वाफेने साल सुटते.

इथे हात जोडून विनंती. साल काढताना वांगं नळाखाली धरू नका! धूर सगळा मोरीत जातो. वाडग्यात पाणी घ्या, बोटं ओली करा आणि सोला. चार काळे कण राहिले तर राहू देत.

सोललेली वांगी बडजीत जातात. बडजी म्हणजे लाकूड कोरून केलेलं खोलगट भांडं. त्यात लाकडी मुसळीने ठेचायची. मिक्सर नाही, पावभाजीचा मॅशर नाही. ठेचल्याने गर मोडतो पण त्याचे दोरे राहतात, आणि भाकरीच्या तुकड्यावर ते दोरे दिसले पाहिजेत. हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलावर परतून त्याही त्यातच ठेचायच्या. कढईत सढळ हाताने तेल, त्यात शेंगदाणे तळायचे, बारीक चिरलेली कांद्याची पात टाकायची, पात जरा मऊ झाली की ठेचलेलं वांगं, मीठ, मूठभर कोथिंबीर. दोन मिनिटं परतलं की उतरवायचं. हळद नाही, तिखट नाही. रंग पोपटी-पांढुरकाच राहायला हवा.

सोबत कळण्याची भाकरी, कच्चा कांदा, मुळा. लग्नकार्यात पुऱ्या.

आता तुमच्याकडे कसं करतात ते लिहा. भांडायला हरकत नाही, फक्त पोटभर जेवून भांडा.

सुगरणीचा_नवरा

सकाळी दहा वाजता ऑफिसात हे वाचलं. डब्यात दुधी आहे. निषेध!

डबेवाली

छान लिहिलंय तापीकाठ, पण ‘आमचंच खरं’ हा सूर काही पटला नाही हो. आमच्या घरी भरीत म्हणजे दह्यातलं. वांगं भाजून, सोलून, हातानेच कुस्करायचं. कच्चा कांदा बारीक चिरून, मीठ, चिमूटभर साखर, गार झाल्यावर घट्ट गोड दही. वरून मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी. उन्हाळ्यात गरम भात-आमटीबरोबर हे ताटात डावीकडे असलं की मला दुसरी भाजी लागत नाही. त्याला खानदेशात भरीत म्हणायची परवानगी आहे की अर्ज करावा लागेल?

आणि दह्याच्या भरताला तेलाचा पूर लागत नाही. तुमच्या कृतीतलं ‘सढळ हाताने’ म्हणजे नक्की किती ते एकदा सांगूनच टाका.

तापीकाठ

@डबेवाली, अर्ज मंजूर :) दह्याचं भरीत मलाही आवडतं, पण मी त्याला कोशिंबिरीच्या रांगेत बसवतो. तिथे दही पुढे आणि वांगं मागे. भाजलेल्या वांग्याचा धूर दह्यात बुडतो, म्हणून गॅसवर भाजलं काय आणि चुलीवर काय, फार फरक कळत नाही. आमच्यात मात्र लपायला जागाच नाही. वांगं कडू निघालं तर सगळी कढई वाया.

तेल म्हणाल तर भरीत उतरवल्यावर कडेला तेलाची रेघ दिसली पाहिजे. मोजून सांगितलं तर तुम्ही करणार नाही.

बांधावरून

धागा वाचून राहवलं नाही. रावेरकडचा आहे, घरी केळी आणि थोडी वांगी.

लोक फार चुकीचं वांगं घेतात भो, म्हणून वांगी कशी निवडायची ते आधी सांगतो. मोठं वांगं घ्या पण वजनाला हलकं. एकाच आकाराची दोन उचलून बघा. जड लागलं त्यात बी भरलेलं. देठ हिरवागार आणि टोपीवरचे काटे टोचणारे असले तर ताजं. साल चमकणारी हवी. अंगठ्याने दाबलं तर खड्डा लगेच भरून आला पाहिजे. साल निस्तेज पिवळट झाली की आत बी तपकिरी, आणि असलं वांगं कितीही भाजा, कडवटच लागतं. बुडाची खूण बघून ‘नर’ आणि ‘मादी’ वांगं ओळखायचं जे सांगतात त्यात काही तथ्य नाही, फळाला असला भेद नसतो. हलकं आणि ताजं एवढंच बघा. आणि छिद्र बघा. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हा वांग्याचा मोठा वैरी. छिद्र टाचणीएवढं असतं, आत घर मोठं असतं. अख्खं वांगं भाजणार म्हणजे कापून बघायची सोय नाही, म्हणून बाजारातच नीट फिरवून बघायचं. देठाखाली खास.

दुसरं, पऱ्हाट्या. आता पूर्वीसारख्या सहज मिळत नाहीत. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खातं सांगतं की कपाशी संपली की पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, अळीचे कोष त्यात राहतात. बरेच जण यंत्राने बारीक करून शेतातच गाडतात. ते बरोबरच आहे. पण थंडीच्या सुरुवातीला, वांगी ऐन भरात असताना, त्या वर्षीची कपाशी अजून उभी असते आणि तूरही कापायची असते. म्हणजे भरताला कोरड्या काड्या लागतात त्या आदल्या वर्षीच्याच. आम्ही तुराट्या घराजवळ पत्र्याखाली राखून ठेवतो. जाळ तिचाच चांगला, वास गोडसर येतो.

कटिंग

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे. वांग्यात लोकांना काय दिसतं? चव नाही, पोत बुळबुळीत, घशाला खाजतं. भरताला चव येते ती मिरची, लसूण, दाणे आणि धुराची. तेच सगळं बटाट्यात घाला की.

(पळतोय.)

सुगरणीचा_नवरा

कटिंग, पळू नका, थांबा. पॉपकॉर्न घेऊन येतो.

भाकरतुकडा

@कटिंग, तुमचं अर्धं बरोबर आहे. वांग्याचा गर स्पंजासारखा, आत हवाच हवा. म्हणून तळलं तर तेल पितं आणि भाजलं तर धूर पितं. बटाटा धूर पीत नाही, साल जळते आणि आतला गर कोरा राहतो. बिहारात लिट्टीबरोबर चोखा करतात तो वांग्याचाही करतात आणि बटाट्याचाही. दोन्ही शेजारी ठेवून खा, मग बोलू.

आमच्या विदर्भातही थंडीत भरताचा बेत असतोच, तुराट्यांना आमच्याकडेही तोटा नाही. फरक एवढाच की माझी आई भरताला फोडणीच देत नाही. भाजलेलं वांगं, भाजलेल्या मिरच्या, लसूण, मीठ, पातीचा कांदा, सांबार, आणि वरून कच्चं जवसाचं तेल. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुणेकरांनी डोसा शोधू नये.) कढईत परतलं की वांग्याचा धूर मरतो आणि तेलाचा वास वर येतो असं तिचं म्हणणं. मी तिच्या बाजूने.

तापीकाठ

कच्चं भरीत आमच्याकडेही करतात! शेतात खाल्लं तर बहुधा कच्चंच, तिथे कढईची भानगड कोण करतो. माझं मत असं, वांगी नुकतीच जाळातून काढली असतील तर कच्चं. घरी आणून दोन तासांनी करायचं तर फोडणी हवी. गार गराला कच्चं तेल चिकटून बसतं.

जवसाचं तेल मात्र नवीन. करून बघणार.

ओसरी

तुम्हा मुलांचं वाचून मजा वाटली. आमच्या घरी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद असायची. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी, त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, जे करायचं ते सगळं करून घ्यायचं. मग जे पथ्य सुरू व्हायचं ते आमच्याकडे वांग्याच्या बाबतीत थेट चंपाषष्ठीला सुटायचं. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. खंडोबाला भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य, तळी उचलायची, भंडारा उधळायचा आणि मग पानावर बसायचं. सासरे म्हणायचे, देवाने आधी चाखल्याशिवाय वांग्याला हात लावायचा नाही.

मला वाटतं यात सोयही होती. पावसाळ्यात वांगी किडकी, पाणचट. थंडी पडली की ती खरी भरतात. आता जुलैमध्ये भरीत खाणाऱ्यांना ते ‘ठीक’ लागतं, यात नवल काय.

माझ्या हातचं भरीत नैवेद्याचं, म्हणून साधं. वांगं, हिरवी मिरची, कांद्याची पात, दाण्याचं कूट, फोडणी. अख्खे दाणे नाहीत हो, दातांचा प्रश्न आहे.

नाम्या_न्यूजर्सी

इथे सगळे काड्या-तुराट्या करतायत. आम्ही काय करावं? बाल्कनीत निखारे पेटवायला बंदी, घरात ब्रॉयलरखाली (ओव्हनच्या वरच्या जाळाखाली) ठेवलं तर स्मोक अलार्म कोकलतो आणि शेजारीण दारात. भारतीय दुकानात छोटी जांभळी मिळतात, भरल्या वांग्याची. अमेरिकन दुकानातलं मोठं वांगं जाड सालीचं, आत बियाच बिया. ओव्हनमध्ये अख्खं भाजलं तर उकडल्यासारखं होतं, धुराचा पत्ता नाही. बाटलीतला धूर मिळतो तो घालू का?

तापीकाठ

बाटलीतला धूर घालू नका. त्यापेक्षा उपाशी राहा :)

उन्हाळ्यात पार्कात कोळशाचे ग्रिल असतात ना? लोक बर्गर भाजून गेले की खाली निखारे उरतात, त्यावर वांगी लावा. जाळीवर नाही, शक्य असेल तर थेट निखाऱ्यात. भाजून सोललेला गर फ्रीझरमध्ये चांगला टिकतो, एकदम जास्त करून ठेवा. फ्रीझरमधून काढलेल्या गराला पाणी सुटतं. ते चाळणीत निथळून मग कढईत घाला.

आणि चिनी किंवा थाई दुकानात लांब हिरवी वांगी दिसतात, ती घेऊन बघा. बी कमी, साल पातळ, लवकर भाजतात. चव आपली नाही, पण जाड जांभळ्यापेक्षा जवळची.

गॅसवाल्यांसाठीही सांगतो. जाळी न ठेवता थेट बर्नरवर, मोठ्या आचेवर, शेवटपर्यंत मोठ्याच. मंद आचेवर ते वाफवलं जातं. बर्नरभोवती फॉइल लावा म्हणजे घरात शांतता राहील.

डबेवाली

कोळशाचा धूर कोंडायचा प्रकार कोणी केलाय का? भांड्यात वाटी, वाटीत निखारा, वर तुपाचे थेंब आणि झाकण. यूट्यूबवर सगळे करतात.

बांधावरून

ताई, तो तुपाचा धूर. बिर्याणीला बरा. भरताला करायचाच तर तेलाचे थेंब टाका, लसणाची सालं टाका, आणि मिनिटभरात झाकण काढा. जास्त ठेवलं तर खोकला यायला लागतो इतकं धुरकट होतं.

मांडवीची_लाट

गोव्याहून हजेरी. आमच्याकडे आगशीची वांगी, मोठी गोल जांभळी. त्यांनाही मानांकन मिळालंय, तेव्हा जळगावकरांनी एकट्याने मिरवू नये! निखाऱ्यात भाजून, कुस्करून त्यात हिरवी मिरची, चिंचेचा कोळ, बारीकसा गूळ, कच्चा कांदा आणि वरून कच्चं खोबरेल. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर. दोन घास पेज, बोटभर भरीत. ताप येऊन गेल्यावर तोंडाला चव आणायला याच्यासारखं काही नाही. मासे खाणाऱ्या घरात सोमवार असा निभतो.

कटिंग

खोबरेल?? डोक्याला लावायचं??

मांडवीची_लाट

तुम्ही ते डोक्यालाच लावता म्हणून तुम्हाला वांगं आवडत नाही.

सुगरणीचा_नवरा

पॉपकॉर्न संपले, आता भाकरी आणतो.

एक अवांतर. बीटी वांग्याचं, म्हणजे त्या जनुक बदललेल्या वाणाचं, पुढे काय झालं? त्यावर फार गदारोळ झाला होता.

बांधावरून

फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी लागवडीला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये परवानगी दिली, तिथे लावतात. ते वाण काढलं होतं त्याच शेंडे पोखरणाऱ्या अळीसाठी. याच्यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर भरीत करपेल.

भाकरतुकडा

आता पिण्याचं बोला. भरताबरोबर काय? माझं मत ताक. आंबट नको, ताजं, पाणीदार, भाजलेलं जिरं आणि मीठ. मिरचीचा जाळ विझवायचा नाही, फक्त जरा बसवायचा. कोल्ड्रिंकवाल्यांना रांगेतून बाहेर काढावं.

तापीकाठ

ताकाला अनुमोदन. रात्री शेतात पार्टी असेल तर मंडळी आणखीही काही पितात, त्याबद्दल मी बोलणार नाही, आई हा धागा वाचते. एवढंच म्हणतो की आधी प्यायला बसलेल्यांना भरताची चव कळत नाही. ते मिरची मिरची ओरडतात आणि पुऱ्या संपवतात.

जेवणानंतर अर्ध्या तासाने गुळाचा चहा. आलं ठेचून, बिनदुधाचा चालेल. थंडीत शेकोटीच्या उरलेल्या राखेजवळ बसून.

मध्यंतरी कळण्याचं विचारायला दोघांचे व्यक्तिगत निरोप आले. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट काळे उडीद, चवीपुरतं जाडं मीठ, एकत्र दळून आणायचं. फार बारीक नको. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, त्यामुळे भाकरी थापायला ज्वारीपेक्षा सोपी, चिरत नाही. तव्यावर पाणी फिरवून मग उलटायची आणि शेवटी जाळावर फुगवायची. रंग करडा येतो, बिचकू नका. गरम असताना मधोमध फोडून त्यात तेल आणि मीठ घालून खाल्ली तर भरीत येईपर्यंत एक संपते.

नाम्या_न्यूजर्सी

उडीद भारतीय दुकानात मिळतील, ज्वारीचं पीठही मिळतं. दळायला गिरणी नाही. तयार ज्वारीच्या पिठात उडदाचं पीठ मिसळलं तर?

ओसरी

चालेल रे बाळा. काळे उडीद तव्यावर जरा शेकून घे, मिक्सरवर जाडसर काढ, चाळू नकोस. सालं राहू देत, त्यातच चव आहे. पीठ गरम पाण्यात भिजव आणि लगेच भाकरी कर, ठेवू नकोस.

आणि बडजी शोधत बसू नकोस, तिकडे खलबत्ता असेलच. नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात लाटण्याच्या टोकाने ठेच. पातेल्याखाली ओलं फडकं घाल, म्हणजे सरकत नाही आणि खालच्या मजल्यावरचे वर येत नाहीत.

कटिंग

आज संध्याकाळी एक वांगं आणलंय. एकच. हलकं बघून, देठाखाली बघून. बायकोने विचारलं तब्येत बरी आहे ना.

दाणे आधी तळायचे की पात आधी घालायची, लवकर सांगा, गॅसवर वांगं फुटायला लागलंय.

बांधावरून

टोचे मारले नाहीत ना! गॅस बंद कर, काट्याने दोनतीन ठिकाणी टोच, मग परत लाव.

दाणे आधी.